बायोडाट्यातून मी गाळलेलं मध्य प्रदेश

सेवानिवृत्त अधिकारी. माझ्या नावाखाली हे दोन शब्द मी स्वतःच छापत आलो. अधिकारी मी कधीच नव्हतो. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या तहसील कचेरीत मी आवक-जावकचा बाबू होतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि वहीत चढवायचा, जाणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा आणि वहीत चढवायचा. यात चौतीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत मी एकच गोष्ट नीट शिकलो, आणि पुढं तीच एका पोरीला महागात पडली. ती गोष्ट अशी, की कागदावर जे लिहिलेलंच नाही त्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही पांढुर्ण्याला आलो. इथं बायकोचं माहेर, आणि स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत तिच्या वाटणीच्या दोन खोल्या. मुलीनं नवा लॅपटॉप घेतला तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर आमच्या बैठकीत येऊन बसला. बायको म्हणाली, "याले झाकून ठेवा, धूळ बसते." मी झाकला नाही, चालू केला. तिथून सगळं सुरू झालं.

कचेरीत माझ्या इंग्रजीचा दबदबा होता. म्हणजे सविनय निवेदनाचं इंग्रजी मला तोंडपाठ होतं, आणि बाकीच्यांना ते वहीत बघावं लागायचं. एवढ्यावर मी गावाचा बायोडाटावाला झालो. आधी लग्नाचे. आमच्या पोरींची स्थळं काटोल, नरखेड, वरूड, नागपूर अशी सीमेपलीकडची, महाराष्ट्रातलीच असतात. वर गणपती, चारी बाजूंनी फुलांची नक्षी, मग नाव, जन्मवेळ, रास, उंची, वर्ण, मामेकुळ, आणि शेवटी अपेक्षा. उंची मी दीड-दोन इंच वाढवून लिहायचो. त्यात लबाडी आहे असं मला कधी वाटलं नाही. सगळेच वाढवतात म्हटल्यावर न वाढवणारी पोरगी उगाच बुटकी ठरते.

या बायोडाट्यांचा माझा आणखी एक नियम होता. मध्य प्रदेश लिहायचं नाही. 'मु. सौंसर, नागपूरहून दोन तास' एवढंच. कारण नागपूरच्या मुलाची आई मध्य प्रदेश वाचून पहिला प्रश्न विचारते, "घरी मराठी बोलतात न?" आता तिला कसं सांगावं. आमच्या घरात मराठी, शाळेत अर्धी मराठी अर्धी हिंदी, कचेरीत नुसती हिंदी. दाढ दुखली तर नागपूर, लग्नाचा बस्ता नागपूर, ऑपरेशन नागपूर. भोपाळला आम्ही स्वतः क्वचितच जातो, तिकडं आमचे कागद तेवढे जातात. म्हणून मी ते दोन शब्द गाळायचो, आणि लोक खूश व्हायचे. एका बापानं तर मला मिठाईचा डबा आणून दिला. "बाबूजी, तुम्ही तर आम्हाले नागपूरचंच करून टाकलं," तो म्हणाला. मी तो डबा घेतला आणि त्याचं बोलणंही खरं धरलं.

पुढं नोकरीचे बायोडाटे येऊ लागले. मी वेगळं काही केलं नाही. तीच फाइल उघडायची, गणपती काढायचा, नक्षी राहू द्यायची. एका फार्मासिस्टचा बायोडाटा मी असाच केला. औषधांच्या मोठ्या दुकानाच्या मालकानं तो वाचला आणि त्याला विचारलं, "अपेक्षा: सुशिक्षित, गृहकार्यदक्ष, संयुक्त कुटुंबात राहणारी. ही माझ्याकडून का माझ्या दुकानाकडून?" तो बिचारा परत आला आणि आमच्या बैठकीत बसून इतका हसला, की मीही हसलो. त्याला नोकरी मिळाली म्हणून हसता आलं. दुसऱ्या एका वायरमनच्या कागदावर मी वर्ण गोरा, छंद वाचन आणि संगीत असं सगळं घातलं, आणि त्याच्या परवान्याचा नंबर दुसऱ्या पानावर अगदी खाली, छंदांच्याही नंतर. ठेकेदारानं पहिलं पान वाचून विचारलं म्हणे, "परवाना आहे का नुसतं गाणंच येते?"

या गोष्टी मी लग्नाकार्यात हसत हसत सांगत आलो. आता सांगतो ती कधी सांगितली नाही.

सौंसरच्या कचेरीत आम्हाला पाणी पाजणारी एक बाई होती. तिची पोरगी शाळा सुटल्यावर कचेरीच्या व्हरांड्यात बसून अभ्यास करायची. मी तिला पाढे विचारायचो, आणि चुकली की माझ्या टेबलावरचा शिक्का तिच्या वहीवर मारायचो, 'अमान्य'. ती पोरगी पुढं छिंदवाड्याला राहून नर्स झाली. साडेतीन वर्षांचं शिक्षण, मग भोपाळच्या नर्सिंग कौन्सिलची, म्हणजे मध्य प्रदेश राज्याची नोंदणी. नोंदणीचा तो कागद तिच्या आईनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून डाळीच्या डब्यात ठेवला होता. सौंसरला एका लहानशा नर्सिंग होममध्ये ती लागली. तिथं दोन वर्षं बाळंतपणं केल्यावर ती बसनं पांढुर्ण्याला माझ्याकडे आली.

"काकाजी, नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात जागा निघाली," ती म्हणाली. "अपुऱ्या दिवसांचे लेकरं असतात न, काचेच्या पेटीतले, त्यायच्या वार्डात. मले तेच काम पाहिजे."

"तेच काहून?"

"आमच्याकडे असं लेकरू झालं का आम्ही त्याले कापसात गुंडाळून गाडीत घालतो आन नागपूरले धाडतो. पोचलं का नाई ते बी कधी कधी समजत नाई. मले तिकडच्या टोकाले उभं राहाचं आहे."

एवढं स्पष्ट उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं असतं तर माझं काम झालं होतं. पण मी कसलेला माणूस. मी तिची उंची विचारली.

"नोकरीसाठी उंची कायले, काकाजी?"

"असू दे. असलेली बरी."

ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. नोंदणीची वेळ आली तेव्हा तिनं पिशवीतून तो कागद काढला. नंबर मी नीट बघून लिहिला आणि पुढं 'मध्य प्रदेश' लिहिलं. मग थांबलो. नागपूरचा दवाखाना. एवढे अर्ज येणार. वाचणाऱ्याला वाटेल परप्रांतातली पोरगी, मराठी येते का नाही कोणास ठाऊक. माझं बोट आपोआप बॅकस्पेसवर गेलं. दोन शब्द गेले. राहिलं ते एवढंच, नोंदणीकृत नर्स, आणि नंबर. मला ते अजून आठवतं कारण त्या क्षणी मी स्वतःवर खूश झालो होतो. तिला मी काही बोललो नाही. कचेरीत तरी पाणी पाजणाऱ्या बाईच्या पोरीला कोण समजावून सांगत बसतं?

संदर्भ म्हणून शेवटी माझं नाव, सेवानिवृत्त अधिकारी, आणि माझा फोन नंबर. दोन पानं, चारी बाजूंनी फुलं. तिनं न वाचता सही केली. काकाजींनी केलंय म्हटल्यावर वाचायचं काय?

आठ-दहा दिवसांनी तिचा फोन आला. दवाखान्यातून तिच्याशी बोलणं झालं होतं, त्यांना ती पसंत पडली होती. पुढच्या सोमवारी मूळ कागद घेऊन बोलावलं होतं. मी बायकोला सांगितलं, "पाहिलं? दोन पानांत काम केलं."

सोमवारच्या आधी, गुरुवारी दुपारी, मला फोन आला. दवाखान्यातल्या कोणी बाई होत्या, अतिशय सभ्य आवाज. त्या म्हणाल्या, "आपलं नाव संदर्भ म्हणून दिलेलं आहे. उमेदवाराचा नोंदणी क्रमांक आम्ही आमच्या राज्याच्या यादीत तपासला. तो दुसऱ्याच एका व्यक्तीच्या नावावर आहे. आपल्याला याबद्दल काही माहिती आहे का?"

मला त्याच क्षणी कळलं. राज्य लिहिलेलं नाही म्हणून त्यांनी तो नंबर महाराष्ट्राचा धरला. 'बाई, तो नंबर मध्य प्रदेशाचा आहे, लिहायचं राहून गेलं' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. तेही पुरेसं खरं नव्हतं, पण चाललं असतं. तिकडची नोंदणी असली तरी त्या घेणार होत्या, नंतर महाराष्ट्रात करून घ्यायला मुदत देतात. हे मला पुढं कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की अधिकाऱ्याची चूक पकडली गेली आहे.

मी म्हणालो, "माहिती उमेदवाराने दिली. मी फक्त टाइप केलं."

"म्हणजे क्रमांक तिनंच दिला?"

"हो."

"आणि आपण मूळ कागद तपासला नाही?"

"ते माझं काम नाही."

बाईंनी आभार मानले आणि फोन ठेवला. बघा, यात खोटा शब्द जवळजवळ एकही नव्हता. नंबर तिनंच दिला होता. टाइप मीच केलं होतं. चौतीस वर्षांच्या सरावाशिवाय इतकं स्वच्छ खोटं बोलता येत नाही.

आतून बायकोनं विचारलं, "कोण व्हतं?"

"राँग नंबर."

"बरंच बोलून राहिले होते राँग नंबरसोबत," ती म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

रविवारी त्या पोरीला दवाखान्याचा एका ओळीचा संदेश आला, आपली उमेदवारी विचारात घेता येत नाही. कारण नाही. तिनं फोन केले, कोणी सांगितलं नाही. ती माझ्याकडे आली. "काय झालं असन, काकाजी?" तिनं विचारलं. माझ्यासमोर बसून विचारलं. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "मोठ्या ठिकाणी वशिला लागतो पोरी. कोणाचं तरी आधीच ठरलं असेल."

तिला ते पटलं. हे सगळ्यात वाईट. ती सौंसरला परत गेली आणि त्याच नर्सिंग होममध्ये राहिली. सात वर्षं. पुढं एकदा सौंसरच्या बस स्टँडवर तिची आई भेटली. ती माझ्या पाया पडायला वाकली. "बाबूजी, तुम्ही तर केलं व्हतं. तिचंच नशीब," ती म्हणाली. माझी बस लागलेली नव्हती, तरी मी बस लागली असं सांगून तिथून निघालो आणि रसवंतीच्या मागं जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर माझ्यात काय बदल झाला म्हणाल, तर मी गुपचूप सगळ्यांच्या बायोडाट्यात मध्य प्रदेश लिहू लागलो, ठळक अक्षरात. बायकोनं एकदा प्रिंटरमधून निघालेला कागद वाचला. "आता लिहून राहिले का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नवा नियम निघाला आहे.

मधल्या काळात पांढुर्णा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या आल्या, माझ्याकडे गर्दी वाढली. माझा रुबाबही वाढला, कारण आता मी जिल्ह्याच्या ठिकाणचा बायोडाटावाला होतो. अशाच एका दुपारी ती पोरगी दारात आली. थोडी जाड झाली होती, केसात एक-दोन पांढरे. आई दोन वर्षांपूर्वी गेली, हे मला माहीत होतं. मी मातीला गेलो नव्हतो. गुडघ्याचं कारण सांगितलं होतं.

तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "काकाजी, त्याच दवाखान्यानं लेकरांचा वार्ड मोठा केला. आमच्याकडे येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, तू अर्ज कर, मी सांगते तुझ्याबद्दल. सगळा फॉर्म भरला मी. एकाच जागी अडली."

फॉर्ममध्ये प्रश्न होता, यापूर्वी आमच्याकडे अर्ज केला होता का, नाकारला गेला असल्यास कारण.

"कारण तर मले माहीतच नाई," ती म्हणाली. "मी 'नाई केला' असंच लिहून देऊ का? कोणाले आठवते सात वर्षांचं?"

आता माझं शौर्य ऐका. मला ठाऊक होतं, की त्या दवाखान्याच्या दप्तरात तिच्या नावापुढं काय लिहिलेलं असणार. तिनं 'नाही' लिहिलं तर त्यांना आधीचं सापडेल, आणि या वेळी ती खरोखरच खोटी ठरेल. आधी माझ्या हातानं खोटी ठरली होती, आता स्वतःच्या हातानं ठरली असती. हे सगळं मला लख्ख दिसत होतं, आणि तरी माझ्या तोंडून बाहेर पडलं, "हो, 'नाही' लिहून टाक."

आतल्या खोलीत बायकोनं पातेलं खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलं. मग चहा घेऊन बाहेर आली. एक कप पोरीला दिला. मला दिला नाही, कप हातातच धरून माझ्यापुढं उभी राहिली.

"सांगता का, का मी सांगू?"

"काय?"

"राँग नंबरची गोष्ट."

सात वर्षं ती गप्प होती. मी समजत होतो, हिला काही कळलं नाही. बावळट घरात एकच होता, आणि त्याच्याकडे कॉम्प्युटर होता.

मी सांगितलं. सरळ सांगितलं असं म्हणवत नाही. सुरुवात मी लग्नाच्या बायोडाट्यांपासून केली, मग नागपूरच्या सासवा, मग आमच्या भागाची एकूण परिस्थिती. पोरीच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. शेवटी बायको म्हणाली, "त्यायनं तुझ्या नंबरापुढचं मध्य प्रदेश खोडलं. तिकडच्या बाईले नंबर खोटा वाटला. तिनं फोन करून विचारलं, तर हे बोलले का पोरीनंच दिला." तीन वाक्यं लागली तिला.

त्या पोरीनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तो कागद आहे का?"

फाइल होती. मी ती उघडली. तिनं माझी खुर्ची ओढून घेतली आणि दोन्ही पानं पहिल्यांदाच वाचली, रोग्याचा तक्ता वाचतात तशी, एकेक ओळ बोट लावून. मध्येच थांबली. "पाच फूट चार? मी पाच फूट दोन आहे."

"सगळेच वाढवतात," मी म्हणालो.

ती हसली. मला वाटलं सुटलो. मग तिचं हसू गेलं.

"मायले शेवटपर्यंत वाटत राहिलं, का मीच फोनवर काही वाकडंतिकडं बोलली असन," ती म्हणाली. "लहानपणापासून तोंडाळ व्हती न मी. माय म्हणे, तुले चूप राहता येत नाई म्हणून तुझं नाई झालं. मी पण तसंच समजली. तवापासून डॉक्टरसमोर मी तोंड उघडत नाई. सांगाचं असते तरी सांगत नाई."

मी हात जोडले. तिनं तिकडं पाहिलंही नाही. म्हणाली, "ते राहू द्या. लिहून द्या."

"काय?"

"आमच्याकडे कोणाच्या हातून चुकीचं औषध दिलं गेलं, तर त्याच पाळीत लिहून द्या लागते. काय दिलं, कोणी दिलं, कोणाले सांगितलं, कोणाले नाई सांगितलं. खाली सही. रडणं नंतर."

मी बसलो लिहायला. आयुष्यात इतके अर्ज लिहिले, माझ्या हाताला वळण होतं. पहिला मसुदा पाच मिनिटांत तयार झाला. तिनं वाचला. "हे काय? 'मी चौतीस वर्षं निष्कलंक शासकीय सेवा केलेला ज्येष्ठ नागरिक.' हा तुमचा बायोडाटा आहे का, काकाजी?"

"सुरुवात तशी करतात."

"काढा."

दुसऱ्या मसुद्यात मी लिहिलं, की माझ्याकडून अनवधानाने ते शब्द गाळले गेले.

"अनवधानानं म्हणजे?"

"चुकून."

"चुकून गाळले व्हते का?"

बायको भिंतीला टेकून उभी होती. मी म्हणालो, "नाही."

"मंग काढा."

तिसऱ्यांदा 'परिस्थितीचा विचार करता' आणि 'सद्हेतूने' हे दोन्ही गेले. चौथ्यांदा उरल्या त्या ओळी अशा होत्या: या नर्सचा नोंदणी क्रमांक मध्य प्रदेशाचा आहे आणि खरा आहे. तिच्या बायोडाट्यातून मध्य प्रदेश हे शब्द मी मुद्दाम काढले. तिला सांगितलं नाही. तुमच्याकडून फोन आला तेव्हा मला कारण माहीत होतं, मी ते लपवलं आणि दोष तिच्यावर जाऊ दिला. हे तिला आज कळलं.

सही केली. सवयीनं खाली 'सेवानिवृत्त अधिकारी' लिहायला घेतलं. 'सेवानिवृत्त' लिहून झालं आणि पेन थांबलं. पुढं लिहिलं, आवक-जावक लिपिक. माझ्या सगळ्या कागदांत हा एक कागद असा, ज्याला नक्षी नव्हती.

फॉर्मच्या त्या प्रश्नाला तिनं उत्तर लिहिलं, 'होय. कारण सोबतच्या पत्रात.' मग तिनं मला तिचा नवा बायोडाटा दाखवला. तो तिनं स्वतःच मोबाइलवर केला होता, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. एकच पान. वर नाव. नावाच्या खाली लगेच नोंदणीचा क्रमांक, मध्य प्रदेश, कुठल्या तारखेपर्यंत वैध, आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीसाठी अर्ज करायची तयारी आहे ही एक ओळ. मग शिक्षण. मग सौंसरची नऊ वर्षं, आणि त्यात काय काय केलं ते साध्या भाषेत: श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणं, कमी वजनाच्या बाळाला ऊब देऊन नागपूरपर्यंत गाडीत सांभाळत नेणं, दूध न ओढणाऱ्याला वाटी-चमच्यानं पाजणं. उंची नाही, छंद नाहीत. वाचणाऱ्याला आधी जे विचारायचं आहे, की ही बाई हे काम कायद्यानं करू शकते का, त्याचं उत्तर दुसऱ्याच ओळीत. एवढीच ही विद्या. पंधरा वर्षं मी ती गावाला शिकवत होतो आणि मलाच येत नव्हती.

संदर्भाच्या जागी डॉक्टरीणबाईंचं नाव होतं.

"तुमचं नाव नाई टाकलं, काकाजी," ती म्हणाली. "राग नका मानू."

"नाही गं."

"पण फोन तुम्हाले येईन. पत्रावर नंबर लिहून ठेवा."

फोन आला तो तीन आठवड्यांनी, परत दुपारीच. या वेळी पुरुषाचा आवाज. "हे पत्र आपणच लिहिलं आहे?" मी म्हटलं, हो. "मग त्या वेळी आपण असं का केलं?"

मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे साहेब, आमचा भाग सीमेवरचा..." बायको दारातून पुढं आली आणि हवेतच दोन बोटं दाखवली. दोन शब्दांत.

"लाज वाटली," मी म्हणालो.

"कशाची?"

"आधी आमच्या राज्याची. मग चूक पकडली गेल्याची."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. मी काय म्हणालो ते कोणीतरी उतरवून घेत होतं, गाळल्याशिवाय. "ठीक आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवला. बायकोनं विचारलं, "कोण व्हतं?" आणि पहिल्यांदाच मला खरं सांगता आलं.

तिला घेतलं. मूळ कागद पाहिले, नोंदणी महाराष्ट्रात करून घ्यायला मुदत दिली. सात वर्षांपूर्वी जे झालं असतं तेच, सात वर्षं उशिरा, आणि तिच्याहून वयानं लहान नर्सच्या हाताखाली. हे मला तिनं सांगितलं नाही. तिनं बायकोच्या मोबाइलवर तिच्या ओळखपत्राचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'काकू, लागली.' माझ्या मोबाइलवर काही आलं नाही. बायकोनं फोटो मला दाखवला, पण मोबाइल हातात दिला नाही.

त्यानंतर मी कॉम्प्युटरमधल्या जुन्या फाइली एकेक करून उघडल्या. परवान्यावर काम करणाऱ्या माणसांचे, नागपूरकडे गेलेले आणि मी मध्य प्रदेश गाळलेले आणखी अकरा बायोडाटे निघाले. नर्स, फार्मासिस्ट, एक एक्स-रे काढणारा, एक सावरगावची प्रयोगशाळेतली मुलगी. जुन्या नंबरांवर फोन लावले. चौघं सापडले. एकानं मला दहा मिनिटं सुनावलं, सावरगावची ती मुलगी 'जाऊ द्या काकाजी' म्हणाली, तेही सुनावण्यापेक्षा हलकं नव्हतं. बाकी सात जणांचे नंबर बदलले आहेत. त्यांचं काय झालं, त्यांना कोणी कारण न सांगता नाकारलं का, त्यांच्या आयांनी कोणाला दोष दिला, मला माहीत नाही.

म्हणून हे छापायला देतो आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या बाजूनं तुम्ही कधी नागपूरला अर्ज केला असेल, बोलणं चांगलं झालं असेल आणि मग एका ओळीचा नकार आला असेल, तर तो जुना बायोडाटा एकदा काढून बघा. चारी बाजूंनी फुलांची नक्षी असेल, तुमची उंची दोन इंच जास्त असेल आणि नोंदणीच्या नंबरापुढं कोणत्याच राज्याचं नाव नसेल, तर तो माझा आहे. तुमचं काही चुकलं नव्हतं. स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत कोणालाही आवक-जावकवाल्या बाबूचं घर विचारा. या आणि माझ्याकडून तसंच पत्र लिहून न्या, चार ओळींचं आहे, आता मला पाठ झालं आहे. चहा बायको देईल. तुम्हाला देईल, मला द्यायचा का नाही ते तुमचा कागद वाचून ठरवेल.